बारिंगो सरोवराकाठचे जिराफ

गाईला भाकरीचा घास भरविताना तिची खरखरीत जीभ तळहातास लागते, तो अनुभव आपणां खेडेगावच्या मंडळींस नवा नाही. त्याच जिभेची लांबी दीड फुटापर्यंत वाढवावी, तिचा रंग जांभळट काळा करावा, आणि माळ्यावरून दोर सोडावा तशी ती वरून खाली यावी, अशी कल्पना केल्यास जिराफाला घास भरविणे म्हणजे काय हे वाचकांच्या ध्यानात येईल. नैरोबी शहराच्या लांगाटा नावाच्या उपनगरात हा अनुभव पैसे मोजून घेता येतो. जिराफाचे तोंड जेवढ्या उंचीवर येते तेवढ्या उंचीवर तेथे एक लाकडी सज्जा बांधला आहे. आपण त्यावर उभे राहावयाचे, ओंजळीत खाद्याच्या गोळ्या धरावयाच्या, आणि समोरच्या झाडीतून ते सौम्य, लांब पापण्यांचे, किंचित उपहास केल्यासारखे दिसणारे तोंड पुढे येण्याची वाट पाहावयाची. १९७९ साली लेस्ली-मेल्व्हिल या दांपत्याने ही संस्था स्थापन केली. त्याआधी काही वर्षे, पश्चिम केनियातील एका मोठ्या कुरणाची जमीन शेतीसाठी वाटली जाणार व तेथील जिराफ नष्ट होणार असे दिसताच, त्यांनी एक लहान पाडस आपल्या घरी आणून वाढविले होते. तेथूनच या कामाचा उगम झाला.

नैरोबीस आमचे एक आतेभाऊ आहेत. त्यांचे आजोबा रेल्वेच्या कचेरीत कारकून म्हणून गोव्याहून तिकडे गेले व तिकडचेच झाले. त्या काळी तेथील कचेऱ्यांत व दुकानांत गोमंतकीयांचा भरणा पुष्कळ होता. विसाव्या शतकाच्या आरंभी नैरोबीत वैद्यकी करणारे डॉ. रोझेंदो रिबेरो हे गोमंतकीय गृहस्थ तर माणसाळविलेल्या झेब्र्यावर बसून रोग्यांच्या भेटीस जात. त्यांचे तसे छायाचित्रही प्रसिद्ध आहे. असो. लांगाट्याच्या सज्जावर माझी ओंजळ लाळेने भरली असता दादा हसून म्हणाले, “हा खरा बारिंगोचा जिराफ. पण बारिंगोचा जिराफ बारिंगोलाच जाऊन पाहावा. तेथे ते होडीतून प्रवास करतात.”

मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, हे कळण्यास पावणेतीनशे किलोमीटरांचा प्रवास करावा लागला.

नैरोबी सोडून वायव्येकडे निघाले की काही वेळ चहाचे मळे व थंड धुके यांतून रस्ता जातो, आणि मग एकाएकी उजव्या-डाव्या बाजूची जमीनच संपते. समोर पृथ्वीला पडलेली ती विख्यात भेग, जिला खचदरी म्हणतात, शेकडो मीटर खाली पसरलेली असते. आपल्याकडील घाटमाथ्यावरून कोकण दिसते तसेच काहीसे, परंतु कोकणापलीकडे समुद्र असतो, येथे पलीकडे पुन्हा दुसरा घाट असतो. उतरणीच्या तळाशी रस्त्यालगत एक अगदी चिमुकले देऊळ आहे. दुसऱ्या महायुद्धात कैद झालेल्या इटालियन सैनिकांकडून इंग्रजांनी हा घाटरस्ता बांधून घेतला, आणि त्या कैद्यांनी १९४२ साली स्वतःसाठी हे देऊळ उभारले. आत दहाबारा माणसांची दाटी होईल एवढेच ते आहे. आम्ही तेथे पाच मिनिटे थांबलो.

पुढे नैवाशा, नाकुरू ही गावे मागे टाकून आम्ही उत्तरेकडे वळलो. घायपाताचे अफाट मळे लागले. मोगोटिओपाशी विषुववृत्त ओलांडल्याची पाटी आली. येथून पुढे हवा झपाट्याने बदलते. हिरवळ विरळ होते, माती तांबडी व नंतर करडी होते, वारुळे माणसाच्या डोक्याहून उंच दिसू लागतात आणि रस्त्याच्या कडेला मुले मधाच्या बाटल्या विकावयास उभी असतात. मारिगाट गावाजवळ झाडी पुन्हा दाट झाली, तेव्हा मला वाटले पाणी जवळ आले. निरखून पाहतो तो काय, आपल्याकडची वेडी बाभूळ! गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ओसाड जमीन झाकण्यासाठी व सरपणासाठी म्हणून ती येथे मुद्दाम लावण्यात आली आणि तिने गुरांची चराऊ राने गिळून टाकली. तिच्या गोड शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडतात व पडतात. २००६ साली येथील लोकांनी याबद्दल सरकारवर फिर्याद लावली व पुरावा म्हणून एक बोळकी शेळी न्यायालयात नेऊन उभी केली. वेडी बाभूळ ज्याने आपल्या बांधावरून उपटली असेल, तो वाचक या शेळीला हसणार नाही.

कांपी या सामाकी, म्हणजे मासळीचा तळ, हे सरोवराच्या पश्चिम काठावरचे गाव. येथे पोहोचल्यावर सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती बुडालेल्या झाडांची रांग. पानहीन, पांढरी पडलेली झाडे पाण्यात उभी आहेत आणि त्यांच्या शेंड्यांवर मासेमार गरुड बसले आहेत. बारिंगोचे पाणी गोडे. त्याचा रंग मात्र आपल्या पावसाळी नदीसारखा, गढूळ तांबूस. साधारण २०१० नंतर हे सरोवर वाढू लागले. पूर्वी त्याचा विस्तार सुमारे १३० चौरस किलोमीटर होता, तो दहा वर्षांत दोनशेच्या पलीकडे गेला. भोवतालच्या डोंगरांवर झालेला अतिरिक्त पाऊस, जंगलतोडीमुळे वाहून आलेला गाळ, आणि खचदरीच्या भूगर्भातील हालचाली अशी निरनिराळी कारणे सांगितली जातात. घरे, शाळा, दवाखाने, पाहुण्यांची निवासगृहे पाण्याखाली गेली. कित्येक कुटुंबांना दोनदा-तीनदा आपले बिऱ्हाड मागे हलवावे लागले. धरणाच्या पाण्याने गाव उठते ते आपण पाहिले आहे. येथे धरण नव्हते, नोटीस नव्हती, नुकसानभरपाईचा कागदही नव्हता.

याच पाण्याने जिराफांनाही गाठले.

ती हकीकत सांगण्यापूर्वी नावाचा एक घोळ उलगडला पाहिजे. या जातीच्या जिराफाचे पाय गुडघ्यांपासून खाली पांढरे असतात, त्यांवर ठिपके नसतात, जणू त्याने पायमोजे चढविले आहेत. रिचर्ड लिडेकर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९०३ साली त्याला लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांचे नाव दिले. परंतु ‘बारिंगोचा जिराफ’ असेही त्याचे एक नाव आहे, आणि मला विचाराल तर तेच शोभते. अलीकडे त्याच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी त्याला न्यूबियन जिराफात गणले आहे. एकच जिराफ मानण्याचे सोडून चार स्वतंत्र जाती मानाव्यात, हे मत २०२५ साली निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेनेही स्वीकारले. नावे अशी बदलत राहिली, आणि मधल्या काळात बारिंगोला बारिंगोचा जिराफच उरला नाही. शिकार व गुरांसाठी रानांची तोड यांमुळे तो या काठावरून सुमारे सत्तर वर्षे नाहीसा झाला होता.

त्याला परत आणले ते दोन भांडखोर शेजाऱ्यांनी. सरोवराच्या काठी इल चामुस व पोकोट असे दोन समाज राहतात. इल चामुस हे मसाई लोकांच्या भाषाकुळातले. ते गुरे पाळतात, पाटाच्या पाण्यावर शेती करतात, आणि अंबाच नावाच्या हलक्या लाकडाच्या, एका माणसापुरत्या तराफ्यांवर बसून मासे धरतात. मगरी व पाणघोडे असलेल्या पाण्यात एवढ्याशा तराफ्यावरचा मनुष्य पाहिला की आपलाच जीव वरखाली होतो. पोकोट हे निराळ्या भाषेचे, मुख्यतः गुराखी. गुरांच्या चोऱ्या, चराऊ राने व पाणवठे यांवरून दोहोंत पिढ्यान्‌पिढ्या रक्तपात होत आला. या शतकाच्या पहिल्या दशकात दोन्हीकडील वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून एक सामाईक अभयारण्य करण्याचे ठरविले. रुगुस व कोमोलिओन ही या दोन समाजांची ठाणी. दोन्ही नावांची पहिली अक्षरे घेऊन ‘रुको’ हे नाव तयार झाले. रक्षकही दोन्ही समाजांतून घेतले. वैर संपूर्ण मिटले असे मात्र कोणी समजू नये. २०२३ सालीही बारिंगो जिल्ह्यात दरोडे व गुरेचोरी आवरण्यासाठी सरकारला लष्कर धाडावे लागले होते.

२०११ साली या रुकोच्या हद्दीत, सरोवरात शिरलेल्या लोंगिचारो नावाच्या भूशिरावर आठ जिराफ आणून सोडण्यात आले. तीन बाजूंस पाणी, म्हणजे शिकाऱ्यांपासून तीन बाजूंनी बंदोबस्त, असा हिशेब होता. पाणी चढत गेले आणि चौथी बाजूही पाण्याची झाली. भूशिराचे बेट झाले. शंभर एकरांच्या त्या रानातली अखेरीस आठ एकर जमीन उरली, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. असिवा नावाची एक मादी तर इतरांपासून तुटून जमिनीच्या एका तुकड्यावर एकटी अडकली. रक्षक होड्यांतून पाला, बाभळीच्या शेंगा व आंबे नेऊन त्यांना जगवू लागले.

येथे कोणीही विचारील की जनावरे पोहून का आली नाहीत? म्हैस पोहते, हत्ती पोहतो, कुत्र्याला तर कोणी शिकवीत नाही. जिराफाला पोहताना मात्र कोणी पाहिल्याची खात्रीलायक नोंद नाही. २०१० साली हेंडरसन व नेश या दोघा शास्त्रज्ञांनी गणकयंत्रावर जिराफाची प्रतिकृती तयार करून तिला आकड्यांच्या पाण्यात सोडून पाहिले. निष्कर्ष असा की तो तरंगेल, परंतु मोठ्या कष्टाने. त्याचे पाय लांब व वजनदार, पुढचा भाग जड, त्यामुळे धड पुढे कलते, मान पाण्याच्या पातळीशी आडवी होते आणि नाक कसेबसे वर राहते. शिवाय जमिनीवर चालताना वा धावताना त्याची मान मागेपुढे झुलून तोल सांभाळते, ते पाण्यात साधत नाही. बेटापासून किनारा सुमारे दीड किलोमीटर, आणि मध्ये मगरी.

मग भूल देऊन, आडवे पाडून, बांधून का आणू नये? यासाठी जिराफाचे अंतरंग थोडे समजून घेतले पाहिजे, आणि मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात हाच भाग अधिक विलक्षण वाटतो.

जिराफाच्या मानेत मणके किती असावेत? तुमच्या-माझ्या मानेत सात आहेत, उंदराच्या मानेत सात आहेत, आणि जिराफाच्याही मानेत सातच. फरक इतकाच की त्याचा एकेक मणका वीतभर लांब असतो. पूर्ण वाढलेला नर अठरा फुटांपर्यंत उंच होतो व त्याचे वजन बाराशे किलोपर्यंत भरते. त्याचे हृदय व मेंदू यांत सहा-सात फुटांचे अंतर पडते. माडाच्या शेंड्यास पाणी नेऊन घालावयाचे तर काय सायास करावे लागतील ते मनात आणावे. एवढ्या उंचीवर रक्त सतत चढविण्यासाठी त्याच्या हृदयाला आपल्या दुप्पट दाब निर्माण करावा लागतो. जिराफाचे हृदय अवाढव्य असते असे पूर्वीच्या पुस्तकांत लिहीत. पुढे मापे घेतली तेव्हा असे आढळले की देहाच्या मानाने ते इतर प्राण्यांइतकेच आहे, पण त्याची भिंत फार जाड आहे. मनुष्याला एवढा रक्तदाब असेल तर वैद्य त्याला घरी जाऊ देणार नाही. जिराफाची ती निरोगी अवस्था होय.

पण खरी अडचण वर चढविण्याची नसून खाली आणण्याची आहे. पाणी पिण्यास तो मान वाकवितो तेव्हा उंचावरचे डोके क्षणात हृदयाच्याही खाली जाते. एरवी साऱ्या रक्ताचा लोंढा मेंदूवर कोसळावयाचा. तो थोपविण्यासाठी मेंदूच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचे एक जाळे आहे, आणि मानेतील मोठ्या शिरांत रक्त उलटे फिरू न देणारे पडदे आहेत, विहिरीच्या पंपाला झडप असते तसे. पायांतही रक्त साचून सूज यावयाची, परंतु तेथील कातडे इतके जाड व घट्ट ताणलेले असते की तेच पट्टी बांधल्याचे काम करते. इतकी सोय असूनही पाणवठ्यावर तो धास्तावलेलाच असतो. पुढचे पाय दोन्ही बाजूंस फाकवून, अर्धवट वाकून, पुन्हा पुन्हा मान उचलून तो इकडेतिकडे पाहतो, कारण सिंहाला हाच क्षण साधावयाचा असतो. पाल्यातून पुष्कळ ओलावा मिळत असल्याने दिवसेंदिवस पाण्यावाचूनही त्याचे भागते.

आता अशा जनावराला गुंगीचे औषध टोचले तर काय होते? पाय लटपटतात व एवढ्या उंचीवरून देह कोसळतो. मान वेडीवाकडी पडली तर श्वास कोंडतो. तो रवंथ करणारा प्राणी असल्यामुळे पोटातले अन्न अथवा लाळ घशात येऊन श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. रक्ताच्या दाबाचा जो नाजूक तोल वर सांगितला तो तर औषधाने बिघडतोच. म्हणून जिराफ भूल देऊन नेता येत नाही. त्याला पाडावयाचे, पडताक्षणी उताऱ्याचे औषध टोचून शुद्धीवर आणावयाचे, आणि जागेपणी, उभ्याने, स्वतःच्या पायांनी चालवीत न्यावयाचे. बुजू नये म्हणून डोळ्यांवर झाकण घालावयाचे, कानांत बोळे कोंबावयाचे व चहूंकडून दोर धरावयाचे. बैलाला नाल मारताना त्याला पाडणारी मंडळी आपल्या गावी असतात. त्यांनी हे काम पाहिले असते तर त्यांनाही घाम फुटला असता.

तराफा गावकऱ्यांनीच बांधला. लोखंडी चौकट, तिला उंच भक्कम कठडे आणि खाली तरंगण्यासाठी साठ रिकामी पिंपे. केनियाचे वन्यजीव खाते व दोन-तीन संस्था मदतीस होत्या, परंतु हात होते ते मुख्यतः रुकोचे. २ डिसेंबर २०२० रोजी असिवाला प्रथम आणले. उभ्या जिराफाचा भार वर असतो. वाऱ्याने वा त्याच्याच उसळीने तराफा कलंडला तर सर्वच संपले असते. यांत्रिक होड्या तराफ्याला हलके हलके ओढीत होत्या, आणि कठड्याच्या वर ती लांब मान, डोळ्यांवर झाकण घातलेली, पाण्यावरून सरकत होती. त्या दिवसाची छायाचित्रे जगभर छापली गेली. पाहणाऱ्यास प्रथम हसू येते. मग तिच्या पायांखालची पिंपे दिसतात.

बाकीच्यांना शक्यतो औषध न टोचता आणण्याची खटपट झाली. तराफा बेटाला लावून ठेवावयाचा आणि त्यावरच शेंगा व आंबे ठेवावयाचे, म्हणजे त्या हळूहळू आपण होऊन त्यावर येऊ लागतील. जनावराच्या खोडीप्रमाणे कोणी लवकर फसते, कोणी फसत नाही. आपल्या गोठ्यातही नव्या दावणीला एक गाय निमूट येते व दुसरी आठ दिवस झुलविते. असिवाच्या पाठोपाठ पासाका नावाची तरुण मादी आली. स्वाहिली भाषेत पासाका म्हणजे पुनरुत्थानाचा सण. आपण पास्काचा सण म्हणतो, तोच शब्द इतक्या दूर एका जिराफाच्या गळ्यात पाहून मला गंमत वाटली.

आणि हे काम चालू असतानाच, डिसेंबरात, बेटावर एक पाडस जन्मले. त्याचे नाव नोएल ठेवले, नाताळावरून.

जिराफाची मादी सुमारे पंधरा महिने गाभण असते. ती उभ्यानेच विते, म्हणजे वासराचे या जगात पहिले पाऊल पडण्याऐवजी पाच-सहा फुटांवरून ते सगळेच पडते. त्या पडण्याने नाळ तुटते. तासाभरात ते उभे राहते, आणि उभे राहिले की सामान्य उंचीच्या पुरुषाएवढे भरते. डोक्यावरची केसाळ शिंगे आईच्या पोटात असताना मागे निजलेली असतात, ती मग ताठ होतात. कळपात माद्या पुष्कळदा आपली पाडसे एकत्र ठेवतात व दोघी-तिघी त्यांच्याजवळ थांबून बाकीच्या चरावयास जातात. शेतावर जाणाऱ्या बायकांनी मुले एका आजीपाशी ठेवावीत तसेच हे आहे. एवढे करूनही जेथे सिंह व तरस आहेत तेथे जन्मलेल्या पाडसांतील निम्मी पहिले वर्ष पाहत नाहीत. आईच्या पायांखाली उभे राहणे हाच त्यांचा खरा आसरा, कारण जिराफाची लाथ सिंहाचे मस्तक फोडू शकते.

त्यामुळे नोएल व तिची आई न्कारिकोनी यांना शेवटी ठेवले. वासरू लहान, आई बुजरी. त्यांची ताटातूट झाली असती तर दोघांचाही घात होता. १२ एप्रिल २०२१ रोजी ही मायलेकरे पैलतीरी आली आणि नऊ जिराफांचा प्रवास पुरा झाला. लोंगिचारो बेट रिकामे राहिले.

आम्ही त्यांना पाहावयास होडीने निघालो ते दुपार कलल्यावर. नावाडी इल चामुस होता, त्याचा सोबती पोकोट. दोघे आपसांत स्वाहिलीत बोलत. पाण्यातून वर आलेल्या एका छपराच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून नावाड्याने काही सांगितले. दादांनी भाषांतर केले : “तेथे त्याच्या मामाचे घर होते.” त्यावर कोणी काही बोलले नाही. पाणघोड्यांचा एक कळप नाकपुड्या वर काढून फुत्कारत होता, त्याला लांबचा वळसा घालून आम्ही पूर्वेकडच्या काठाला लागलो.

तेथे आता साडेचार हजार एकरांच्या आसपास रान कुंपण घालून राखलेले आहे. लाव्हाचे काळे दगड, बाभळी, आणि असह्य ऊन. पाऊण तास चाललो तरी काही दिसेना. एवढा उंच प्राणी लपतो कसा, याचे मला कोडे पडले होते. रक्षकाने हात वर करून थांबविले, तेव्हा जे बाभळीचे खोड म्हणून मी मघापासून पाहत होतो त्याने कान हलविला.

चार होते. त्यांनी आम्हांला आमच्या आधी पाहिले होते, हे उघड होते. त्यांतल्या एकीने जीभ बाहेर काढून काट्यांच्या मधून पाने अशी अलगद ओढली की फांदी हललीसुद्धा नाही. करवंदीच्या जाळीत हात घालून ज्याने बोटे ओरबाडून घेतली असतील त्याला या कौशल्याचे मोल कळेल. दुसरी रवंथ करीत होती. चघळलेला घास गिळल्यावर तो मानेतून खाली जाताना कातड्याखाली स्पष्ट दिसतो, आणि थोड्या वेळाने दुसरा गोळा तळातून निघून, रहाटाच्या पोहऱ्यासारखा, वर वर चढत तोंडात येतो. मी तो चढताना तीनदा पाहिला. मग त्या चालू लागल्या. घोडा वा बैल चालताना पाय आलटूनपालटून टाकतो. जिराफ चालताना एका अंगाचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबरच उचलतो, त्यामुळे त्याची चाल भरतीच्या पाण्यावरच्या पडावासारखी डुलत जाते. धावला तर ताशी पन्नास किलोमीटरांहून अधिक वेग घेतो, पण आमच्यासारख्यांसाठी धावण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

त्या मुक्या असतात का, असे मी विचारले. पुष्कळ काळ लोक तसेच मानीत. मोठ्याने ओरडताना त्यांना क्वचितच कोणी ऐकले आहे. परंतु युरोपातील तीन प्राणिसंग्रहालयांत रात्रभर ध्वनिमुद्रण करून २०१५ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की अंधार पडल्यावर जिराफ अगदी खालच्या पट्टीत गुणगुणल्यासारखा आवाज काढतात. तो ते कशासाठी काढतात हे अद्याप ठरलेले नाही. झोपही त्यांची तशीच आडपडद्याची. उभ्याने डुलक्या घेतात, बसूनही घेतात, आणि गाढ झोप लागली तर मान मागे वळवून डोके पाठीमागच्या मांडीवर टेकवितात. पण ती गाढ झोप एका वेळी काही मिनिटांचीच.

सूर्य पश्चिमेकडील तुगेन डोंगरांमागे उतरू लागला तेव्हा रक्षकांनी निघण्याची घाई केली. अंधारात त्या पाण्यावरून जावयाचे नसते. परतताना नावाड्याने मुद्दाम होडी लोंगिचारोजवळून नेली. बेटावर बाभळींचे काही शेंडे होते व त्यांवर बगळे बसू लागले होते. झाडांची पाने एका ठराविक उंचीपर्यंत साफ खाल्लेली, आणि त्याच्या वर हिरवी, अशी एक सरळ रेघ अजून ओळखू येत होती असे मला वाटले. कदाचित सांजवेळच्या उजेडाचा तो भास असेल. पोकोट सोबत्याने त्या रेघेकडे पाहिले, हात डोक्याच्या वर जेवढा पोहोचेल तेवढा उंच केला, आणि नावाड्याला काहीतरी म्हणाला. दोघेही हसले. या वेळी दादांनी भाषांतर केले नाही, कारण तेही हसत होते.